बद्द वाजणारं ‘म्हणून’

विहीर खोदायला घेतली की पाणी लागेल न लागेल, काठावर दगडांचा ढीग मात्र हमखास लागतो. आत जेवढं खोल जाल तेवढा वर ढीग उंच! किश्श्यांचंही तसंच असतं. आम्ही काही किस्से गोळा करायला विहिरीत उतरत नव्हतो. पण दगड काढता काढता तेही वर यायचे आणि ढिगावर पडायचे. आता दगड उचलायचं माझं वय राहिलं नाही, तेव्हा ढीग उपसत बसतो.

शाळेची पायरी मी चढलो नाही. अक्षरं गिरवली ती पन्नाशी उलटल्यावर, त्यामुळे लिहिणंही माझ्या चालण्यासारखंच, सावकाश. पण शिकलो नाही असं मी म्हणणार नाही. माझी शाळा पन्नास फूट खोल होती आणि तिथले मास्तर होते कासमचाचा.

आमचं गाव संगमनेरच्या पठारावर. बहात्तर साली पाऊस नावाला पडला आणि गावच्या पिण्याच्या विहिरीचा तळ दिसायला लागला. मग तात्यांच्या शेताच्या कोपऱ्यात गावासाठी नवी विहीर खोदायची ठरली. तात्या म्हणजे गावातले जाणते, मिशी पांढरी आणि शब्द जड. आमची टोळी चार माणसांची. कासमचाचा सुरुंगवाले; भोकं पाडणं, दारू भरणं, वात पेटवणं हे त्यांचं काम. गेनू पहारवाला, अंगानं रेडा आणि बोलायला घाई. चंद्राबाई वर चाकाशी, दगडाच्या पाट्या उतरवून घ्यायची. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी कुणी नाही, टोळी हेच तिचं घर. आणि चौथा मी, किसन. ज्याला जे जमत नाही ते करणारा.

\* \* \*

आधी ‘बद्द’ म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

सकाळी विहिरीत उतरलं की कासमचाचा पहिल्यांदा हातोडीच्या पाठीनं चहूबाजूंच्या कडा ठोकत फिरायचे. दगड पक्का असला की आवाज येतो खण्ण. आतून सुटलेला असला की बद्द. फुटक्या मडक्यासारखा. दिसायला दोन्ही दगड सारखेच! पण बद्द वाजणारा दगड आज ना उद्या डोक्यात पडतो. तो आधी पाडायचा, मग कामाला लागायचं.

एकदा आमचा उतरायचा दोर मध्येच विरलेला मला दिसला. मी म्हटलं, “गेनू, दोर बदलू या.”

गेनू म्हणाला, “आरं किसनदा, काल उतरलो, परवा उतरलो, म्हैना झाला उतरतोय. काय झालं न्हाई. म्हणून आजबी काय हुत न्हाई!”

कासमचाचा बिडी पेटवत होते. त्यांनी काडी विझवली आणि म्हणाले, “गेनू, दोर आदल्या दिवसापतोर चांगलाच असतो. तुटायचा दिवस त्याला एकच मिळतो!”

मग उठले, हातोडीच्या पाठीनं गेनूच्या पागोट्यावर हलकेच टकटक केलं आणि म्हणाले, “दगड सारखा दिसतोय. पन तुझं ‘म्हणून’ बद्द वाजतंय बाबा.”

दोर बदलला. आणि त्या दिवसापासून टोळीत रीत पडली. कुणी ‘म्हणून’ म्हणालं की बाकीचे कान टवकारायचे. पोकळ निघालं की तिघं एकदम ओरडायचे, “बद्द!”

\* \* \*

विहिरीची जागा दाखवली होती नाना पाणाड्यानं. तळहातावर नारळ आडवा ठेवायचा, डोळे मिटून शेतातनं चालायचं, नारळ उभा राहिला की खाली पाणी! नानाचा पंचक्रोशीत दरारा होता.

एक दिवस तो काम बघायला आला आणि ढिगावर बसून सांगायला लागला, “कासमभाई, ह्या पठारावर ज्या ज्या हिरीला पाणी हाय, ती समदी माज्या नारळाची.”

“आणि ज्यास्नी न्हाई?” चाचांनी विचारलं.

“तितं मालकाचं मन साफ नसंल. पाण्याला समजतं ते.”

“असं! मग जितं लागलं, तितं मालकाचं मन साफ व्हतं?”

“छ्या! तितं माझा नारळ!”

चाचा बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, “आणि नाना, ज्या जागी तुमचा नारळ उभा ऱ्हायला न्हाई, तितं कदी खांदून बघितलं?”

नाना चकित! “आसं कोन करंल? जितं पाणी न्हाई तितं खांदायला मानूस काय येडा हाय?”

“मग तितं पाणी न्हाई हे कळलं कसं?”

“नारळानं सांगितलं की!”

वरून चंद्राबाईचा आवाज आला, “चाचा, जाऊं द्या! नानास्नी हरवंल अशी हीर आजून खांदायची हाय!”

नानाही हसला. माणूस वाईट नव्हता. मनापासून चुकायचा.

\* \* \*

त्या उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ होती. सुई टोचायची गाडी गावोगाव फिरत होती. आमच्या गावात उद्या येणार अशी दवंडी झाली आणि गेनू रानात पळायच्या तयारीला लागला.

“मी लक्ष ठेवून हाय,” तो म्हणाला. “ज्या गावात गाडी, त्या गावात पटकी. खालच्या वाडीत गाडी गेली, तितं पटकी. वस्तीवर गेली, तितंबी पटकी. जितं गाडी गेली न्हाई तितं एक मानूस आजारी न्हाई! म्हणून सांगतो, पटकी गाडीच आनती.”

मी विचारात पडलो. खरं सांगतो, मला ते पटायला लागलं होतं. त्यानं पाहिलेलं खोटं काहीच नव्हतं. गाडी आणि पटकी दोन्ही बरोबरच दिसायच्या.

चाचांनी शांतपणे विचारलं, “गेनू, तुला पोरं किती?”

“सा.”

“प्रत्येक टायमाला सुईन घरी आली व्हती?”

“येनारच की!”

“मग आता सातवं नको असंल तर सुईनीला गावाबाहेर काढ!”

दुसऱ्या दिवशी रांगेत पहिला नंबर गेनूचा होता. दंडाला सुई लागली तसा एवढ्या मोठ्यानं ओरडला की मागची चार माणसं पळाली!

\* \* \*

शिकलेले लोक चुकत नाहीत असं आम्हाला आधी वाटायचं.

जीपमधनं एक तरणे साहेब आले. त्यांच्याकडे पेटीत मशीन होतं. जमिनीत लोखंडी खुट्ट्या ठोकायच्या, वायरी जोडायच्या, मग काटा हलायचा. काट्यावरनं खाली खडक आहे का पाणी ते कळायचं. साहेबांनी आमच्या विहिरीच्या आसपास वायरी पसरल्या, वहीत लिहिलं आणि मान हलवली. “इथं पाणी नाही. काम बंद करा.”

गेनूनं पहार टाकलीच. एवढ्या महिन्यांची मेहनत! तात्यांचा चेहरा उतरला.

चाचांनी टोपी काढून हातात घेतली. “साहेब, एक विचारू? मशीन चुकत असंल तर कळतं कसं?”

“चुकत नाही. मी दोनदा लावून बघितलं. दोन्ही वेळा तेच उत्तर.”

“त्याच मशीननं?”

“हो, मग?”

“न्हाई म्हणजे...” चाचा टोपी फिरवत म्हणाले, “आमच्या गेनूला मी एकदा विचारलं, खरं बोलतोस का. व्हय म्हणाला. पुन्ना विचारलं. पुन्ना व्हय म्हणाला!”

साहेब आधी रागावले. गोरे होते, कान लाल झालेले दिसले. पण अक्कल चांगली. पेटी उचलली आणि पलीकडच्या मळ्यात गेले. तिथं एका विहिरीत तेव्हा अजून पुरुषभर पाणी होतं. सगळ्यांना दिसत होतं. साहेबांनी तिच्या काठावर मशीन लावलं. काटा म्हणाला, पाणी नाही!

साहेबांनी पाण्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, मग पेटी उलटी केली. आतली एक वायर सुटली होती. त्यांनी ती जोडली, परत आले, पुन्हा सगळं मांडलं आणि म्हणाले, “खोदा. खात्री देत नाही. पण नाही असंही म्हणत नाही.”

जाताना जीपमध्ये चढता चढता स्वतःच्याच वहीचं पान फाडलं, बोटानं टिचकी मारली आणि हसून म्हणाले, “बद्द!”

त्यांना हा शब्द कुणी शिकवला ते त्यांनी सांगितलं नाही. पण चंद्राबाई पदरात तोंड लपवून हसत होती.

\* \* \*

आता माझा किस्सा. दुसऱ्यांचे सांगायचे आणि आपला झाकायचा हे बरं नव्हे.

सुरुंगाचे बार उडवताना मोजायचे असतात. पाच वाती पेटवल्या तर पाच आवाज व्हायला पाहिजेत. चार झाले तर एक बार आत तसाच जिवंत आहे. मोजायचं काम माझ्याकडे, कारण मी सावकाश. घाईत मोजत नाही.

त्या दिवशी पाच भोकं भरली. वाती पेटवून चाचा वर आले, आम्ही बांधाआड बसलो. धडाम, धडाम... मी बोटं दुमडत गेलो. पाच झाली. उठलो. “पुरे झाले चाचा, पाच!”

चाचांनी माझा सदरा धरून मला खाली बसवलं. “कानानं मोजलेस का पायानं?”

मला काही समजेना.

“पाच आवाज झाले खरे. पन जमीन चारदाच हादरली.”

डोंगरापलीकडे तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. तिथंही बार उडायचे. पाचवा आवाज त्यांचा होता! आमचा पाचवा बार विहिरीत गप्प बसून माझीच वाट बघत होता. मी आणि गेनू त्या मिनिटाला उतरलो असतो तर हे लिहायला मी नसतो.

ऊन कलेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो. चाचा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “किसन, आवाज झाला म्हणून तो आपलाच झाला असं न्हाई.”

गेनू ‘बद्द’ म्हणायला तोंड उघडत होता, पण माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसला. तेवढ्यापुरता तोही शहाणा झाला.

\* \* \*

तेवढ्यापुरताच!

पुढच्याच आठवड्यात चाचा दारू आणायला संगमनेरला गेले होते. दारू म्हणजे सुरुंगाची, गैरसमज नको. जायच्या आधी सकाळी त्यांनी बार उडवले आणि बजावून गेले, दुपारपर्यंत कुणी उतरायचं नाही, आत धूर असतो.

गेनूनं तासाभरानं डोकावून बघितलं. “किसनदा, धूर दिसत न्हाई. म्हणून धूर न्हाई.” आणि मी ‘थांब’ म्हणेपर्यंत दोरावरून निम्मा खाली. माझं ‘थांब’ नेहमीच उशिरा पोचतं.

तळाशी पोचला, दोन पावलं टाकली आणि मटकन बसला. मग आडवा झाला.

आम्ही हाका मारल्या. उत्तर नाही. शेतातनं दोन गडी धावत आले, पण उतरायला कुणी तयार होईना. मी काठावरून खाली पाय सोडला तशी चंद्राबाईनं मला मागं ओढलं. “किसनभाऊ, तुमी उतरलात तर वर वडनार कोन? दोर धरा.” तिनं कडुलिंबाची भली मोठी फांदी तोडली, दोराला बांधली आणि विहिरीत खालीवर, खालीवर अशी ओढत राहिली. आतली हवा हलली पाहिजे म्हणून. चाचांना तसं करताना तिनं पाहिलं होतं. मग ओला पदर नाकातोंडाला बांधला, कंबरेला दोर बांधला आणि उतरली. गेनूच्या काखेतनं दुसरा दोर घातला, गाठ मारली, हात हलवला. आम्ही तिघांनी आधी गेनूला ओढला, मग तिला.

गेनूनं डोळे उघडले तेव्हा पहिला शब्द बोलला तो असा, “धूर व्हता!”

चंद्राबाई खोकत खोकत म्हणाली, “बद्द!”

\* \* \*

इथंवर हसण्यासारखं. पुढचं तसं नव्हतं.

आमच्याकडे रीत अशी, की नव्या विहिरीत पाणी लागून त्याची पूजा होईपर्यंत बाईनं आत उतरायचं नाही. विहिरीच्या तळाला तेव्हा थोडा पाझर सुटला होता, दिवसाला घागरभर यायचा. चंद्राबाई उतरली त्याच्या तिसऱ्या दिवशी तो बंद पडला.

गावात एकच वाक्य फिरायला लागलं. बाई उतरली म्हणून पाणी गेलं!

मारुतीच्या पारावर सकाळीच माणसं जमली. तात्या म्हणाले, “पोरीनं जीव वाचवला, आमी न्हाई म्हनत न्हाई. पन गावाच्या पाण्याचा सवाल हाय. चंद्रीनं टोळी सोडावी आन गावबी सोडावं.”

चंद्राबाई पाराखाली उभी होती. कुठं जाणार होती ती? दुष्काळात टाकलेल्या बाईला कोण दारात उभं करणार?

चाचा माझ्या कानाशी म्हणाले, “मी बोललो तर म्हनतील, ह्याला आमची रीत काय ठावं. तू बोल.”

मी उठलो. मला भाषण येत नाही. मी विचारलं, “तात्या, तुमच्या मळ्यातली हीर कवा आटली?”

“ह्याच पंधरवड्यात.”

“तिच्यात कोन बाई उतरली व्हती?”

मी पुढच्याला विचारलं, त्याच्या पुढच्याला विचारलं. सावकाश. उन्हाळ्याचे दिवस, पंधरवड्यात पाच विहिरी आटल्या होत्या. बाई एकीतही उतरली नव्हती. मला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात नाना पाणाड्या म्हणाला, “आरं पाणी समदं आतनं एकच हाय. एका हिरीत बाई उतरली, शिवाराचं पाणी रुसलं!”

माणसांनी माना डोलावल्या. माझं सगळं मोजणं पाण्यात गेलं, आणि पाणी तर नव्हतंच!

मग गेनू उठला. आयुष्यात कधी धड विचार न केलेला माणूस. तो पारावर चढला आणि म्हणाला, “बाई उतरली म्हणून पाणी गेलं का न्हाई, मला ठावं न्हाई. पन बाई उतरली म्हणून गेनू वर आला! ह्ये ‘म्हणून’ ठोकून बघा!” आणि मूठ आवळून स्वतःच्या छातीवर अशी हाणली की मारुतीच्या घंटेवरची चिमणी उडाली.

चाचा माझ्याशेजारी पुटपुटले, “खण्ण.”

पण तात्या खमके. “ते खरं रं. पन पाण्याचं काय?”

तेव्हा चंद्राबाई बोलली. आवाज चढवला नाही. “तात्या, म्यां उतरले म्हणून पाणी रुसलं न्हवं? मंग धा दिस मी हिरीकडं फिरकत न्हाई. लांब दगडं फोडायला जाते. तुमी पूजा करा, नारळ फोडा, काय करायचं ते करा. तेवढ्यात पाझर पुन्ना सुटला तर मी गाव सोडते. न्हाई सुटला तर ते माझ्यामुळं गेलं न्हवतं. मंग मी रोज उतरनार. पसंत?”

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. “पसंत.”

ते दहा दिवस मला आजही आठवतात. आम्ही तिघं तळाशी पहार मारायचो. गावाला पाणी हवं म्हणून मारायचो आणि मनात म्हणायचो, आत्ता नको लागू! गेनू तर दगडाला हात जोडायचा. वर पूजा झाली, नारळ फुटले. खडक कोरडा ठणठणीत.

अकराव्या सकाळी तात्या स्वतः काठावर आले, वाकून बघितलं. नाना म्हणाला, “पाण्याचा राग आजून गेल्याला न्हाई.”

तात्या म्हणाले, “नाना, आता तूं गप!” आणि चंद्राबाईला बोलावणं पाठवलं.

\* \* \*

त्यानंतर ती रोज उतरायला लागली. ठोकून दगड ओळखण्यात तिचा कान चाचांच्या तोडीचा झाला. एक दिवस दोघांनी मिळून पूर्वेच्या अंगाला तीन भोकं घेतली, बार उडवले, दुपारपर्यंत थांबून आम्ही खाली गेलो. चंद्राबाईनं सुटलेली कपार पहारेनं ओढली आणि मनगटाएवढी धार तिच्या पायावर पडली!

गाव लोटलं. बायका घागरी घेऊन पळत आल्या. ढोल आला, हळदीकुंकू आलं. चंद्राबाईला वर काढलं ती नखशिखांत भिजलेली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, “चंद्रा उतरली म्हणून पाणी आलं!”

लोकांनी गजर केला. मी तिच्याकडे बघत होतो. काल जिला घालवत होते तिला आज हात जोडत होते. नुसतं गप्प राहिली असती तरी जन्माचं भागलं असतं.

तिनं कपाळावरचं पाणी पुसलं, आमच्या तिघांकडे बघितलं आणि म्हणाली, “तात्या, बद्द!”

तरी गोष्ट पसरायची ती पसरलीच. आठवड्यानं शेजारच्या गावाची बैलगाडी आली. बैलांच्या शिंगांना गोंडे, गाडीत नवं लुगडं आणि पाच म्हातारी माणसं. त्यांची विहीर पुरुष-दोन पुरुष खोदून पडून होती. म्हणाले, “बाई, तुमी नुसतं उतरा. तुमचा पाय लागला की पाणी येतंय, समद्या मुलखाला ठावं हाय.”

चंद्राबाई म्हणाली, “येते. पन माझ्यासंगं चाचा येनार, गेनूभाऊ येनार, किसनभाऊ येनार. आन पहार येनार.” लुगड्याला तिनं हात लावला नाही.

गेलो. त्यांच्या विहिरीभोवती रांगोळी काढलेली, वाजंत्री उभी. बाई उतरणार म्हणून सगळा गाव श्वास धरून बसलेला. चंद्राबाईनं चपला काढल्या, चाचांची हातोडी मागून घेतली आणि शिडीच्या चार पायऱ्या उतरली. उजवीकडची कड ठोकली. डावीकडची ठोकली. कान लावून पुन्हा ठोकली. आणि तशीच उलटपावली वर आली.

“काय झालं बाई?” त्यांच्यातला थोरला घाबरून म्हणाला.

“बद्द!”

आमच्या शब्दाची कीर्ती त्यांच्या गावापर्यंत पोचली असावी. म्हाताऱ्यानं एकदा विहिरीकडे बघितलं, एकदा आपल्या माणसांकडे, आणि हळूच विचारलं, “कड का आमचं म्हननं?”

चंद्राबाईनं हातोडी चाचांच्या हातात दिली आणि म्हणाली, “दोनी!”